जुळ्यांसाठी पलंगाच्या दोन बाजूंना दोन बेडसाइड क्रिब: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. 150 सेंमी रुंदीचा डबल बेड, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला एकाच मॉडेलचे दोन बेडसाइड क्रिब, म्हणजे पलंगाला जोडून लावायचे बाळाचे छोटे पाळणे. पलंगाकडची बाजू झिपने खाली येते, क्रिब पट्ट्यांनी पलंगाच्या फ्रेमला बांधलेले असतात. बाळं दिवस भरण्याआधी आलेली, दोघांच्या वजनात अर्ध्या किलोचा फरक. रोज रात्रीचा वापर, शिवाय दिवसाच्या झोपाही त्यातच. तुलनेसाठी मधली जाळी असलेला दुहेरी बॅसिनेटही, म्हणजे दोन बाळांचा एकच छोटा पाळणा, वापरून पाहिला.

मत स्पष्ट आहे: जुळ्यांना दोन सुटे क्रिब घ्यावेत. दुहेरी बॅसिनेट दुकानात फार देखणा दिसतो, पण त्याची अडचण रात्री तीन वाजता कळते. जुळ्यांची कुठलीही सोय तपासायची तर एकच प्रसंग डोळ्यांपुढे आणावा: मोठं माणूस एकटं जागं आहे, एक बाळ हातात आहे, त्या क्षणी दुसरं बाळ कुठे आहे? उत्तर ‘मोठ्यांच्या गादीवर, फक्त एक मिनिट’ असं असेल तर मांडणी चुकली.

जुळ्यांना एकत्र ठेवलं की शांत झोपतात, पोटात एकत्रच तर होती, असं खूप जण सांगतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या शिफारशी मात्र इथे अगदी सरळ आहेत: प्रत्येक बाळ उताणं, टणक, सपाट आणि रिकाम्या गादीवर, पालकांच्या खोलीत, शक्यतो पहिले सहा महिने, पण वेगळ्या जागेवर, आणि जुळ्यांना दोन वेगळ्या जागा. कारणही समजण्यासारखं आहे. मान न धरलेल्या बाळाच्या तोंडावर भावंडाचा हात किंवा अंग आलं, तर त्याला तोंड बाजूला घेता येत नाही. श्वासातून बाहेर टाकलेली हवाच पुन्हा आत जाते, आणि दोघांच्या उबेने अंगही जास्त तापतं. नवजात अतिदक्षता विभागात काही बाळं पालथी ठेवलेली पालकांनी पाहिलेली असतात, त्यामुळे गोंधळ होतो. तिथे यंत्रांची आणि नर्सची नजर सतत असते. घरी येईपर्यंत बाळाला उताणं झोपायची सवय लागलेली असायला हवी.

आता जागा. क्रिबची बाहेरची रुंदी सुमारे 55 सेंमी धरली तर 150 अधिक 110, म्हणजे 260 सेंमी नुसत्या सामानाला लागतात. दोन्हीकडे चालायला 45-45 सेंमी सोडले की 350. खोली त्यापेक्षा अरुंद असेल तर पलंग भिंतीला सरकवून दुसरा क्रिब पायथ्याशी, चारही बाजू बंद करून ठेवावा. तो हाताच्या अंतरावर राहत नाही, उठावं लागतं, पण सुरक्षिततेत काही कमी पडत नाही. पलंग आणि भिंत यांच्या फटीत क्रिब कोंबणं मात्र टाळावं. आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही: दोन्ही बाजूंना क्रिब लागले की पलंगावरून बाजूने उतरता येत नाही, पायथ्याकडे सरकत जावं लागतं. सिझेरियन झालेल्या बाईला पहिले दोन-तीन आठवडे हे सरकणं टाक्यांवर ओढ देतं. तिच्या बाजूचा क्रिब डोक्याकडे टेकवावा आणि पायाकडे 60-70 सेंमी पलंग मोकळा राहतो का पाहावं. तेवढ्या जागेतून ती पाय खाली सोडून उठू शकते.

या मांडणीतला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे क्रिब आणि मोठ्यांची गादी यांच्यातली फट. बहुतेक चुका इथेच होतात, आणि क्रिब दोन असले की एक अशी अडचण येते जी एकाच बाळाच्या घरात येत नाही. एक क्रिब असेल आणि फट राहिली, तर मोठी गादी त्या दिशेला ढकलून ती बंद करता येते. दोन क्रिब असतील तर इकडची फट बुजवली की तिकडची उघडते. म्हणून आधी पलंगाची फ्रेम पाहा. गादी फ्रेमच्या कडेपर्यंत येते का? फ्रेमची लाकडी फळी गादीच्या बाहेर तीन-चार सेंमी आली असेल, तर क्रिब फळीला टेकतो, गादीला टेकत नाही, आणि मधे सरळ खाच राहते. अशा पलंगाला बाजू उघडून क्रिब लावूच नये; बाजू वर, झिप बंद, असाच वापरावा. खाचेत दुपटं, उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल भरायची कल्पना हमखास कुणीतरी देतं. तोच टॉवेल रात्रीत सैल होऊन बाळाच्या तोंडाशी येतो.

पट्ट्यांचंही तसंच. काही मॉडेलमध्ये पट्टा मोठ्या गादीखालून पलीकडे जातो आणि तिथे एका पट्टीने अडकतो. पलीकडेही क्रिब असेल तर ती पट्टी त्या क्रिबच्या आणि गादीच्या मधे येते, म्हणजे एकाची बांधणी दुसऱ्याची फट होते. जुळ्यांसाठी पट्टा आपल्याच बाजूच्या फ्रेमला किंवा पलंगाच्या पायाला बांधता येईल असंच मॉडेल घ्यावं, आणि माहितीपुस्तिकेत तशी परवानगी आहे हे आधी वाचावं. स्वतःची दोरी, बेल्ट किंवा सामान बांधायचा पट्टा वापरून जुगाड करू नये.

बांधून झाल्यावर तपासणी अशी: चाकांचे ब्रेक लावा, क्रिब मांडीने बाहेरच्या दिशेला ढकला, मग फटीत बोट घालून पाहा. साधारण 13 मिमीपेक्षा जास्त जागा उघडली तर पट्टे पुन्हा आवळा. मोठ्या माणसाला गादीच्या कडेला बसवून हीच तपासणी पुन्हा करावी, कारण कड दबली की चित्र बदलतं. पहिल्या महिन्यात गादीची कड हळूहळू बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पट्टे सैल होतात. नायलॉनचा पट्टा बकलमधून थोडाथोडा निसटतोही. दर रविवारी, चादर बदलतानाच, दोन्ही बाजू ढकलून पाहणं पुरेसं आहे.

उंची जुळवताना क्रिबची गादी आणि मोठी गादी एका पातळीत आणायचा मोह होतो. तसं नसावं. खाली केलेल्या बाजूलाही थोडा कठडा उरायलाच हवा. 2019 च्या युरोपीय मानकात, ईएन 1130 मध्ये, हा कठडा किमान 120 मिमीचा सांगितला आहे. म्हणजे बाळ मोठ्यांच्या गादीपेक्षा खालच्या पातळीवर राहतं आणि घरंगळून इकडे येत नाही. जुने, एक बाजू पूर्ण सपाट होणारे क्रिब कुणी वापरायला देत असेल तर हे आधी पाहावं. मोठ्या गादीचा पृष्ठभाग कठड्याच्या वर जात असेल तर मोठ्यांचं पांघरूण घसरून आत पडतं, तेही नको.

बऱ्याच क्रिबना पाय वेगवेगळ्या उंचीवर लावायची सोय असते, आणि दूध वर येणाऱ्या बाळांसाठी डोक्याकडची बाजू उचला असं विक्रेते सांगतात. ही सोय वापरू नये. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. उतारावर बाळ खाली सरकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. हिशेब करून पाहा: क्रिबच्या पायांमधलं अंतर 70 सेंमी आणि एक टप्पा 5 सेंमीचा असेल, तर एका टप्प्याला सुमारे 4 अंश, तिसऱ्या टप्प्याला 12. अमेरिकेत बाळांच्या झोपण्याच्या वस्तूंना 10 अंशांची मर्यादा आहे, आणि 2022 च्या कायद्याने त्याहून जास्त उताराच्या वस्तूंवर तिथे बंदीच आली. दोन्ही क्रिबचे चारही पाय एकाच खाचेत आहेत ना, हे मोजून पाहावं. दोन सारखे क्रिब घाईत जोडताना एकाचा एक पाय वेगळ्या खाचेत राहणं फार सोपं आहे.

दुहेरी बॅसिनेट इथेच मागे पडला. तळ एकच होता, मधे जाळीची भिंत. वजनात अर्ध्या किलोचा फरक असलेली बाळं ठेवली की जड बाजू किंचित खाली गेली. गादीवर चेंडू ठेवला तर तो नेहमी त्याच कोपऱ्याकडे जायचा. कापडी तळावर ताणलेली गादी असेल तर झोळीसारखा खोलगटपणाही येतो. शिवाय फ्रेम एकच, त्यामुळे एकाला उचलताना लागलेला हिसका दुसऱ्याला जातो आणि एकाच्या रडण्यात दुसऱ्याची झोप मोडते. मधली जाळी काढता येते, ही जाहिरातीतली खास सोय. काढली की ती दोघांची एकच जागा होते, त्यामुळे तिला गुण देता येत नाहीत. दिवसा हॉलमध्ये, नजरेसमोर, थोडा वेळ ठेवायला तो ठीक आहे.

गादी आणि चादर. सोबत आलेलीच गादी वापरावी. जाड, मऊ गादी वेगळी विकत घेऊन टाकू नये, तिच्या कडेला फट राहते. चादरी मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात: प्रत्येक क्रिबला तीन, म्हणजे एक अंथरलेली, एक धुण्यात, एक हाताशी. जुळ्यांत गुळणी आणि ओल्या लंगोटाची पाळी बरोबर एकाच रात्री येते, सहा पुरतात, चार पुरत नाहीत. सुती फिटेड चादर पहिल्या दोन धुण्यांत आटते, आणि आटलेली चादर पातळ गादीला चारही कोपऱ्यांतून वर ओढते. गादी ताटलीसारखी होते आणि कोपऱ्यांखाली पोकळी येते. म्हणून नवी चादर आधी दोनदा धुवून मगच अंथरून पाहावी. हाताच्या तळव्याने मधून कोपऱ्यापर्यंत दाबत जावं. कोपरा दबून परत उसळला तर ती चादर बाद. सैल चादरही तितकीच वाईट: चिमटीत धरून ओढली आणि चार बोटं वर आली तर ती रात्री सुटणार.

रात्रीच्या दुधाची पद्धत ठरवून ठेवल्यावर चुका कमी झाल्या. एकटं माणूस असेल तर दोघांना एकदम घेऊ नये. एकाला पाजून, ढेकर काढून, त्याच्याच क्रिबमध्ये उताणं ठेवायचं, मगच दुसऱ्याला उचलायचं. रडणारं बाळ स्वतःच्या रिकाम्या, सपाट क्रिबमध्ये पाच मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही. दोघांना एकदम पाजायची मोठी अर्धगोल उशी दिवसा उत्तम, पण तिच्यावर बाळ झोपू देऊ नये. आणि रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजायला बसू नये; डुलकी लागली तर बाळासाठी ती सगळ्यात धोक्याची जागा. झोक्याची खुर्ची, गाडीतली बाळाची सीट यांत झोपलेल्या बाळालाही उचलून क्रिबमध्ये आणावं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात लक्षात येणारी गोष्ट: बाळं सतत मोठ्यांच्या दिशेला तोंड करून झोपतात, म्हणजे एकाचं डोकं डावीकडून चपटं व्हायला लागतं, दुसऱ्याचं उजवीकडून. जुळ्यांत हा चपटेपणा तसाही जास्त दिसतो. दर आठवड्याला बाळाचं डोकं आणि पाय यांची बाजू उलटी करावी. क्रिब हलवायची गरज नाही, फक्त बाळाची दिशा. जागेपणी पोटावर ठेवणं चालू असावंच.

पांघरूण दोन्हीकडे नकोच, बाळाच्या मापाची स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची झोपायची पिशवी, पुरते. थंडी-ऊब मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहावी, तळहात-तळपायावरून नाही. दोघांना सारखेच कपडे हवेत असा नियम नाही. हलक्या बाळाला कधीकधी एक थर जास्त लागतो.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. झिपचा आवाज शांत खोलीत करवतीसारखा वाटतो. तो दुसऱ्या बाळाला उठवतो, म्हणून बाजू रात्रभर एकाच स्थितीत ठेवावी. चाकांच्या खाचेत केस आणि धागे अडकून ब्रेक अर्धवट बसतो. महिन्यातून एकदा चाक फिरवून साफ करावं. तिसऱ्या महिन्यानंतर एका क्रिबची जाळी खालच्या शिवणीत सैल झाली. बोट आत जाईल एवढी पोकळी दिसली की वापर थांबवून सुटा भाग मागवावा, घरी शिवून घेऊ नये.

कधी थांबायचं, हे दोघांपैकी जे पुढे आहे त्याच्यावर ठरतं, आणि तेही आधी माहितीपुस्तिका वाचून. बऱ्याच क्रिबची मर्यादा नऊ किलोच्या आसपास असते, पण वजनाआधीच दुसरी खूण येते. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की दुपट्यात गुंडाळणं त्याच दिवशी बंद. हात टेकून छाती उचलू लागलं किंवा गुडघ्यांवर येऊ लागलं की क्रिब बंद, मोठा पाळणा सुरू. जुळी एकाच दिवशी पालथी पडत नाहीत. दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज असतो. मोठे पाळणे मात्र दोन्ही आधीच जोडून ठेवावेत, कारण ही वेळ सांगून येत नाही. क्रिब काढून ठेवताना पट्टे, बकलं आणि माहितीपुस्तिका प्रत्येकाच्या फ्रेमला बांधूनच पिशवीत घालावं. पुढे कुणाला एकच क्रिब दिला, तर त्याचे पट्टे दुसऱ्याच्या पिशवीत राहिलेले असतात.