नाका, मुकादम की एजन्सी? गोव्यात साइटवर लेबर लवकर हवं असेल तर

परवा स्लॅब आणि साइटवर सेंट्रिंगवाले सोडले तर चारच हेल्पर, अशी वेळ आली की जो तो विचारतो लेबर लवकरात लवकर कुठून मिळेल. पण माणूस लवकर येणं वेगळं आणि काम लवकर चालू होणं वेगळं. नाका (सकाळी मजूर काम मिळायची वाट बघत उभे असतात ती जागा), मुकादम (टोळी आणणारा) आणि एजन्सी (कागदोपत्री माणसं पुरवणारी कंपनी) या तिघांत निवडायचं तर आधी हा फरक धरून बघा, रेटचं नंतर.

माणूस हजर करायचा तर नाक्याइतकं फास्ट काहीच नाही. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को कुठेही सकाळी साडेसातच्या आत पोचा, आठला माणसं पिकअपमध्ये बसलेली असतात. बोलणी दोन मिनिटांत होतात, पण समोरचा मुरलेला असतो, तो आधी तुमच्या गाडीकडे बघतो, मग विचारतो काम काय, वाळू खालीच सारायची की वर चढवायची, कितवा मजला, जेवण कोणाचं, संध्याकाळी परत सोडणार का. यातलं एक जरी तुम्ही गुळमुळीत ठेवलं तर अकरा वाजता घमेलं खाली ठेवून "पात्रांव, तुम्ही तळमजला म्हणाला होता" हे ऐकायचं, आणि रेट तिथेच परत ठरतो. खोदाई, डेब्रिज, लाद्या उतरवणं, स्लॅबच्या दिवशी जादा हात, असल्या एकदोन दिवसांच्या कामाला नाका बेस्ट. पण आज आलेला माणूस उद्या येईलच असं नाही, दहानंतर गेलात तर उरलेल्यांतच निवडायचं, आणि मेच्या शेवटी पाऊस तोंडावर आला की अख्खा नाका कौलं परतायला आणि ताडपत्र्या बांधायला गेलेला असतो, तेव्हा मागेल तो रेट द्यावा लागतो. "मी गवंडी" म्हणणाऱ्याला एक थर लावून बघितल्याशिवाय गवंडीची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, कबूल करू नका. आणि उंचीवरच्या कामाला नाक्यावरचा अनोळखी माणूस मी तरी चढवणार नाही, कारण काही झालं तर मध्ये कोणी नाही, सगळं थेट तुमच्यावर. डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावर अपघात झाला तर भरपाईचा विमा, नावं न देता नुसती संख्या आणि पगारावर काढता येते, ती नाक्यावर जायच्या आधी काढलेली असू दे.

मुकादमाचं गणित वेगळं. गोव्यातली बरीचशी बांधकामं चालतात ती याच माणसाच्या जिवावर, कोणी विजयपूर-बागलकोटचा, कोणी ओडिशाचा, कोणी झारखंड-बिहारचा. त्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा, टोळी आत्ता गोव्यात आहे की गावाला? गोव्यात दुसऱ्या साइटवर असेल तर दोनतीन दिवसांत हलते. गावाला असेल तर "निघाली माणसं" या शब्दावर जाऊ नका, तिकिटाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागा. कर्नाटकवाले बस पकडून दुसऱ्या दिवशी येतात, त्यांचं सोपं आहे, पण पाटणा किंवा जसीडीहवरून वास्कोला येणारी गाडी आठवड्यातून एकदा, ती चुकली की तुमचं शेड्युल गेलं. सणांचाही हिशोब ठेवा, छठ आणि होळीला बिहार-झारखंड रिकामं होतं, उगादीला कर्नाटक, आणि चतुर्थीला तर आपलेच लोक नसतात.

मुकादमाची मोठी सोय म्हणजे टोळी एकमेकांना ओळखते, बारबेंडर (सळ्या वाकवणारा), गवंडी, बिगारी सगळे एका सुतात, पहिल्याच दिवशी काम पुढे सरकतं. उक्तं, म्हणजे रोजावर नाही तर कामाच्या ठरलेल्या रकमेवर, दिलंत तर अजून जोरात सरकतं, फक्त क्वालिटीवर डोळा ठेवावा लागतो. बदल्यात उचल (आगाऊ पैसे) द्यावी लागते, दर आठवड्याला खर्ची (खाण्यापिण्याचे पैसे) द्यावी लागते आणि राहायची सोय तुमची. ही राहायची सोय म्हणजेच खरा उशीर, बरं का. माणसं वास्को स्टेशनवर उतरली आणि खोली ठरलेली नाही, किंवा शेडला पाणी नाही, म्हणजे दोन दिवस तिथेच गेले. शिवाय भाडेकरूंचं पोलीस व्हेरिफिकेशन गोव्यात सक्तीचं आहे, 2024 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला आणि दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे खोलीमालक आधारच्या झेरॉक्स घेतल्याशिवाय चावी देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मुकादमाला एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायची सवय मात्र सोडा. तो पैसे घेऊन गायब झाला तर मजुरांची मजुरी मुख्य मालकाने द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नवीन लेबर कोडमध्येही आहे. हजेरीबुकावर रोज सही किंवा अंगठा घ्या आणि खर्ची सोडून बाकी रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यात टाका. मुकादम थोडा कुरकुरतो, कुरकुरू दे.

आता एजन्सी. महाग वाटते, आणि आहेच. समजा हजेरी 550 धरली तर त्यावर मालकाचा पीएफ चार्जेस धरून 13 टक्के, ईएसआय (कामगार विमा) 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के, मग एजन्सीचा सर्व्हिस चार्ज, तो 8 टक्के धरू, आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 550 चा माणूस तुम्हाला 870 च्या आसपास पडतो. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर तुमच्या करातून वजा, मिळत असेल तर ठीक, पण 5 टक्के जीएसटीवाले फ्लॅट विकत असाल किंवा स्वतःचं हॉटेल बांधत असाल तर क्रेडिट नाही, तो पैसा गेलाच समजा.

मग एजन्सी घ्यायची कधी, तर गेटवर कागद बघतात तिथे. वेर्णा, कुंडई किंवा तुयेला फॅक्टरीत शटडाऊनचं (फॅक्टरी बंद ठेवून दुरुस्तीचं) काम असेल तर नाक्यावरचा माणूस गेटच्या आत जाणार नाही, मेडिकल, ईएसआय नंबर, सेफ्टी इंडक्शन, सगळं झाल्यावर पास. म्हणजे नाक्यावरून एका तासात आणलेला माणूस दिवसभर गेटबाहेर बसून, आणि पाच दिवस लावून एजन्सीने आणलेला पहिल्या सकाळी आत.

पण एजन्सीतही एक मेख आहे. ऑगस्ट 2025 पासून नवीन माणसाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा स्कॅन करून काढावा लागतो, आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बहुतेक वेळा गावाला भावाकडे किंवा सिम केव्हाच बंद, मग आधी आधार केंद्राच्या चकरा. दोन दिवसांत माणसं देतो म्हणालेली एजन्सी आठवडा लावते त्यात हे एक कारण असतंच.

कायद्याच्या आकड्यांबद्दल थोडंसं, कारण यात लोक जुनंच धरून बसतात. 21 नोव्हेंबर 2025 ला चारही लेबर कोड लागू झाले, कंत्राटी लेबरचे नियम किती माणसांपासून लागतात तो 20 चा आकडा होता तो 50 झाला, परराज्यातल्या कामगारांसाठी 5 चा 10 झाला. ईएसआय 10 माणसांना आणि पीएफ 20 माणसांना लागतो ते तसंच आहे. म्हणजे बाराजणांची टोळी ठेवली तरी सुटलो असं नाही.

मला विचाराल तर घर किंवा छोटी बिल्डिंग असेल तर ओळखीचा मुकादम, आणि स्लॅबच्या दिवशी वर नाक्यावरचे हात, एवढ्यात भागतं. चार महिन्यांच्या पुढचं काम असेल आणि माणसं वीसच्या वर जाणार असतील तर एजन्सीचं कोटेशन घ्या, मुकादमाच्या रेटमध्ये खोली, उचल आणि बुडालेले दिवस मिळवा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघा, फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघेल. कंपनीच्या आत काम असेल तर विचार करायचंच कारण नाही, एजन्सीच.

आणि एजन्सीला फोन कराल तेव्हा "किती दिवसांत देता" असं विचारू नका, यूएएन आणि ईएसआय नंबर तयार असलेली किती माणसं आज गोव्यात रिकामी आहेत ते विचारा आणि आधारसकट यादी संध्याकाळपर्यंत मागा. "हो जाएगा साहब" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.