'क्लिपर' घ्यावा की 'स्पोर्टिंग लाइफ'?

बेसबॉलची जुनी वर्तमानपत्रं जमवायची, तर पहिला अंक कोणता? माझ्या मते दोन नावं समोर येतात.

'न्यूयॉर्क क्लिपर' १८५३ सालचा. त्यात नाटक, सर्कस, मुष्टियुद्ध, क्रिकेट सगळंच. बेसबॉल कोपऱ्यातून हळूहळू पुढे सरकताना दिसतो. मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटवर वाढलेला हेन्री चॅडविक इथे लिहायचा. धावफलकाचा तक्ता रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. खेळ अजून स्वतःचे नियम शोधतोय, आणि आपण ते त्याच आठवड्याच्या शाईत वाचतो! शिवाय १८६० च्या दशकापर्यंतचा कागद बहुधा चिंध्यांच्या लगद्याचा. दीडशे वर्षांनंतरही तो बोटांना मऊ लागतो, घडी उलगडली तरी सहसा तुटत नाही.

'स्पोर्टिंग लाइफ' १८८३ मध्ये फिलाडेल्फियात फ्रान्सिस रिक्टरने काढला. बेसबॉलचा मजकूर इथे भरगच्च: संघ, करार, गावोगावची पत्रं. पण लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो, कडा पापडासारख्या मोडतात. आम्लविरहित फोल्डर आणि अंधार हवाच.

दोन्हींचे अनेक सुटे अंक ग्रंथालयांच्या बांधीव खंडांतून निघालेले असतात. डाव्या कडेला शिवणीची भोकं दिसली तर घाबरू नका. मजकूर कापला गेलाय का, ते मात्र नीट पाहा.

नुसतं वाचायचं असेल तर दोन्हींचे अंक ऑनलाइन आहेत. पण हातात धरायला एकच घेणार असाल, तर क्लिपरच घ्या, बेसबॉलचा मजकूर चार ओळींचा असला तरी.