नवा रंग, जुना तडा: 'रिस्टोअर केलेला' बेंच व्हाइस घेताना झालेली फसवणूक

जुना बेंच व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवलेला, दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणारा शिकंजा, घ्यायचा असेल तर गंजलेला घ्या, रंगवलेला घेऊ नका. गंज सगळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल खोटं बोलता येत नाही. नव्या रंगाखाली काय आहे हे मात्र फक्त रंगवणाऱ्याला ठाऊक असतं. 'पूर्ण रिस्टोअर केलेला, अगदी नव्यासारखा' म्हणून मी ऑनलाइन घेतलेल्या व्हाइसचा सरकता जबडा काम करता करता तुटून खाली आला आणि तुटलेल्या जागेतून पुट्टी निघाली. घरच्या वर्कशॉपसाठी असं काही शोधत असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा.

जाहिरात देखणी होती. एका बाजूला 'आधी'चा फोटो, त्यात गंजानं तांबूस झालेला, कोळिष्टकं लागलेला व्हाइस. दुसऱ्या बाजूला 'नंतर'चा, त्यात गडद निळा हॅमर फिनिश रंग, जबड्यांना नव्या पट्ट्या, पॉलिश केलेलं हँडल, स्पिंडलवर, म्हणजे हँडलनं फिरणाऱ्या लांब स्क्रूवर, भरपूर ग्रीस. सोबत छोटा व्हिडिओ होता, एका बोटानं हँडल फिरवलं की जबडा अलगद सरकताना दिसायचा. विकणारा बोलायला गोड होता. प्रायमर कुठलं, रंगाचे हात किती, किती वेळ वाळवलं, हे न विचारताच सांगायचा. मी त्याला मेसेजवर सरळ प्रश्न टाकला होता की कुठे तडा, वेल्डिंग किंवा दुरुस्ती आहे का. उत्तर आलं, "नाही सर, बॉडी एकदम ओरिजिनल आहे. फक्त साफ करून रंग दिलाय." हे उत्तर लेखी होतं, म्हणून पुढे उपयोगी पडलं.

सुरुवातीला हलकी कामं केली, कानस मारणं, हॅकसॉनं कापणं. काही जाणवलं नाही. मग एका ब्रॅकेटमध्ये बुश (भोकात घट्ट बसणारी धातूची छोटी नळी) बसवायचा होता. त्यासाठी व्हाइस प्रेससारखा वापरला. हे नेहमीचं काम आहे, व्हाइसच्या ताकदीबाहेरचं नाही. हँडल हातानंच फिरवत होतो. 'कट्' असा कोरडा आवाज आला आणि जबड्याचा वरचा भाग पट्टीसकट निखळून टेबलाच्या कडेवर आपटला, तिथून खाली. पाय बाजूला होता म्हणून वाचला. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) तेवढा तुकडा बोटांवर पडला असता तर हा लेख मी बऱ्याच उशिरा लिहिला असता.

आता तुटलेल्या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा पुरावा तिथेच असतो. ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे आपलं साधं बीड, नव्यानं मोडलं तर मोडलेला भाग राखाडी, दाणेदार आणि किंचित चमकणारा दिसतो. माझ्याकडच्या तुकड्यांवर असा ताजा भाग फक्त एका कडेला, अरुंद पट्टीएवढा होता. बाकीचा सगळा भाग काळपट तपकिरी, गंजलेला, तेल मुरलेला. म्हणजे जबडा आधीच बहुतांश फाटलेला होता आणि उरलेल्या पट्टीवर तग धरून होता. बाहेरच्या बाजूनं त्या फटीत पुट्टी भरून, घासून एकसारखी केली होती. तिच्यावर प्रायमर, त्यावर निळा रंग. आतल्या पोकळ बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे वेल्डिंगचा एक ओबडधोबड टाका होता आणि त्याच्या कडेनं बीडाला केसासारखी नवी भेग गेली होती.

ही जागाही बघण्यासारखी आहे. व्हाइसमध्ये स्क्रू खाली असतो आणि वस्तू वर पकडली जाते. त्यामुळे आवळताना जबडा मागच्या बाजूला वाकायला बघतो, आणि जबड्याची मान जिथे स्लाइडला (जबड्याच्या सरकत्या दांड्याला) मिळते तिथे आतल्या अंगाला ताण येतो. ग्रे बीड दाब उत्तम सोसतं, पण ताणाखाली त्याची ताकद दाबाच्या तुलनेत साधारण तिसरा-चौथा हिस्साच असते. म्हणून जुने व्हाइस बहुतेक करून त्या मानेपाशीच फाटतात. रंगवणाऱ्यालाही हे नक्की माहीत होतं, कारण सगळ्यात जास्त पुट्टी त्यानं तिथेच वापरली होती.

बीड वेल्ड करता येत नाही असं मुळीच नाही. त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो. साध्या लोखंडाच्या रॉडनं थंड बीडावर टाका मारला की कार्बन वेल्डमध्ये शिरतो, टाक्याच्या आजूबाजूचा भाग झपाट्यानं थंड होऊन काचेसारखा कडक होतो आणि आकसताना शेजारीच फुटतो. माझ्या जबड्यात नेमकं हेच झालं होतं. नीट काम करायचं तर आधी तुकडा सगळीकडून तापवावा लागतो, निकेलचा रॉड वापरावा लागतो किंवा पितळेनं ब्रेझिंग (बीड न वितळवता, वितळलेल्या पितळेनं जोडणं) करावं लागतं, आणि नंतर कोरड्या वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश निवू द्यावं लागतं. चांगलं ब्रेझिंग केलेला व्हाइस वर्षानुवर्षं चालतो. त्यानं "मानेला तडा होता, ब्रेझ केलाय" असं सांगितलं असतं आणि खरंच केलं असतं, तर मी कदाचित तरीही घेतला असता. दुरुस्तीबद्दल माझी तक्रार नाही. ती करायची नाही, पण केल्याचे पैसे मात्र घ्यायचे, हा प्रकार डोक्यात जातो.

मग उरलेला रंगही काढला. (कुणाच्या जुन्या अवजाराचा रंग काढणार असाल तर कोरडा सँडपेपर मारू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंग काढायचं रसायन वापरा किंवा ओलं घासा, आणि मास्क लावा.) रंगाखाली एकेक नमुना निघाला. जबड्याच्या 'नव्या' पट्ट्या साध्या माइल्ड स्टीलच्या होत्या, ग्राइंडरनं तिरक्या खाचा पाडलेल्या. चांगल्या पट्ट्या कडक केलेल्या पोलादाच्या असतात, त्यांच्यावर कानस घसरते. इथे कानस पहिल्याच फटक्यात चावली. पट्टीच्या एका स्क्रूच्या भोकातले आटे गेलेले होते, तो स्क्रू एपॉक्सीनं चिकटवला होता.

स्पिंडलची हातचलाखी तर मला मान्यच करावी लागली. आपण व्हाइसमध्ये बहुतेक वेळा बारीक वस्तू पकडतो. त्यामुळे जबडा जवळजवळ बंद असताना नटमध्ये (स्पिंडल ज्यात फिरतो त्या आतल्या भागात) स्पिंडलचे जे आटे असतात, म्हणजे हँडलच्या बाजूचे, ते सगळ्यात जास्त झिजतात. शेवटाकडचे आटे नव्यासारखे राहतात. जाहिरातीतला स्पिंडलचा फोटो शेवटाकडचा होता. व्हिडिओतही जबडा कायम रुंद उघडलेला, मध्ये एक जाड ठोकळा. हँडलच्या बाजूला चौकोनी आट्यांच्या धारा झाल्या होत्या. नटही तसाच झिजलेला. ढिलाई हाताला जाणवू नये म्हणून कॉलरपाशी (हँडलजवळच्या कड्यापाशी) वॉशर भरले होते आणि घट्ट ग्रीस थापलं होतं. एका बोटानं फिरणाऱ्या हँडलचं कौतुक मला तेव्हापासून राहिलेलं नाही.

शेवटी तो 'आधी'चा फोटो मोठा करून बघितला. त्यातल्या व्हाइसच्या बेसचा बोल्ट बसतो तो एक कान कोपऱ्यावर उडालेला होता. माझ्याकडच्या बेसचे सगळे कान धड. रंग खरवडल्यावरही तिथे भरलेलं काही नव्हतं, सलग ओतीव बीड. म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' हे दोन वेगवेगळे व्हाइस होते. 'आधी'चा फोटो कुठून तरी उचललेला, किती मेहनत घेतली हे दाखवण्यापुरता. त्यामुळे असे जोडफोटो दिसले की रंगाकडे न बघता ओतीव अंगावरच्या खुणा जुळवा. अक्षरांची उंची, हातोड्याचे जुने घाव, उडालेले कोपरे, ओतताना राहिलेली छिद्रं. रंगानं यातलं काही नाहीसं होत नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "सर, तुम्ही हँडलला पाइप लावून आवळलं असणार." पाइप लावल्यानं व्हाइस तुटतात हे खरं आहे, हँडलची लांबी हाताच्या जोराचा हिशेब करूनच ठेवलेली असते. पण पाइप लावल्यानं तड्याच्या आत जुना गंज येत नाही. हे म्हटल्यावर कुरिअरवाल्यानं आपटला असेल असं निघालं. मी विचारलं, कुरिअरवाल्यानं आपटून तडा पाडला, मग त्यात पुट्टी भरली, वर प्रायमर आणि रंगही मारला का? त्यावर "जुन्या मालाला गॅरंटी नसते" असं आलं आणि नंतर फोन उचलणं बंद. जाहिरातही गेली. ज्या साइटवरून घेतला होता तिच्या तक्रार विभागात त्याचं ते लेखी उत्तर, त्याच्या जाहिरातीचे मी आधी काढून ठेवलेले स्क्रीनशॉट आणि तुटलेल्या जागेचे फोटो दिले. बऱ्याच पाठपुराव्यानंतर वाहतूक खर्च सोडून बाकीची रक्कम परत आली. स्क्रीनशॉट नसते तर आली नसती.

प्रत्यक्ष बघून घ्यायची सोय असेल तर खिशात एक छोटं चुंबक ठेवा. जबड्याच्या मानेवरून फिरवा, पुट्टीचा थर जाड असेल तिथे ओढ एकदम कमी होते. बारीक फटीत भरलेली पुट्टी यातून सुटू शकते, म्हणून सरकता जबडा पूर्ण बाहेर काढायला लावाच. यात काही वावगं नाही, बहुतेक व्हाइसमध्ये हँडल उलटं फिरवत राहिलं की तो निघतो. विकणारा कां-कूं करायला लागला तर तिथेच उत्तर मिळालं. जबडा उलटा करून आतली पोकळ बाजू बघा. तिथे सहसा रंग मारलेला नसतो. संशय आला तर रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कापडानं कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर गडद रेघ उमटते. छोट्या हातोडीनं टिचकी मारून आवाज ऐकायचा सल्ला बरेच जण देतात. फुटक्या बीडाचा आवाज बद्द येतो हे खरं, पण ग्रे बीड मुळातच पोलादाइतकं खणखणत नाही, त्यामुळे नवख्या कानानं फक्त त्यावर भिस्त ठेवू नये.

ऑनलाइनच घ्यायचा असेल तर स्लाइडच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. हा फोटो दोन कामं करतो. एक तर तिथले तडे आणि टाके दिसतात. दुसरं, काही कंपन्यांच्या व्हाइसवर तारीखही तिथेच असते. 1941 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या विल्टन या व्हाइस बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या व्हाइसवर स्लाइडखाली ठोकलेली तारीख ही गॅरंटी संपण्याची असते, म्हणजे बनवल्यापासून पाच वर्षं पुढची. जुनेपणाच्या नावानं भाव वाढवणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढंच वजन द्या. सोबत, जबडा जवळजवळ बंद असताना हँडल पुढे-मागे हलवल्याचा व्हिडिओ मागा, ग्रीस पुसून. जबडा न हलता हँडल किती रिकामं फिरतं त्यावरून आट्यांची झीज कळते.

माझ्याकडे आता जो व्हाइस आहे तो पार गंजलेला होता, जबडा हलतसुद्धा नव्हता. आत झिरपणारं तेल वरचेवर देत तो सोडवला, सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिसनं साफ केले. (पॉझिटिव्ह टोकाला साधं लोखंड लावा. स्टेनलेस लावलंत तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा.) आटे शाबूत निघाले. त्याला रंग दिलेला नाही, नुसतं तेलाचं बोट आहे.

कुणाचा असा व्हाइस तुटलाच, तर एक गोष्ट विसरू नका. तुटलेल्या जागेचे फोटो त्याच दिवशी, चांगल्या उजेडात, जवळून काढा. दमट हवेत ताजं मोडलेलं बीड लवकर तांबूस व्हायला लागतं, आणि एकदा सगळीकडे सारखा गंज चढला की जुना तडा कुठला आणि नवा कुठला हे कुणालाच दाखवता येत नाही. फोटो झाले की दोन्ही तुकड्यांना तेल लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आणि तक्रार निकालात निघेपर्यंत ते भंगारात देऊ नका. विकणारा "तुकडे परत पाठवा, मग बघू" म्हणाला तरी पाठवू नका.