व्हेलम म्हणून विकलं, निघालं रंगवलेलं कच्चं कातडं

जुन्या पुस्तकांची बांधणी आणि दुरुस्ती करणाऱ्यांसाठी हे लिहितोय, विशेषतः ज्यांच्याकडे गोव्यातली पोर्तुगीज काळातली पुस्तकं येतात त्यांच्यासाठी. व्हेलमच्या, म्हणजे पुस्तकासाठी ताणून-खरवडून तयार केलेल्या कातड्याच्या (चर्मपत्राच्या) नावाखाली मला जो माल मिळाला तो पुस्तकाजवळ नेण्याच्याही लायकीचा नाही. त्यात माझे एकवीस हजार रुपये अडकलेत.

काम होतं गोव्यातल्या एका घराण्याकडच्या सतराव्या शतकातल्या पुस्तकाचं. आत पुठ्ठा नाही, नुसतं चर्मपत्राचं मऊ वेष्टन. ते वाळवीनं खाल्लेलं, पानं मात्र शाबूत. ही बांधणी दिसते साधी, पण टिकाऊ. १९६६ साली फ्लॉरेन्सच्या पुरात ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात बुडाली, तेव्हा अशी बांधलेली पुस्तकं इतरांपेक्षा चांगली तगलेली संवर्धकांच्या लक्षात आली. म्हणून तसंच वेष्टन परत चढवायचं होतं.

इंग्लंडहून एक-दोन कातडी मागवायची तर वाहतूक आणि आयातशुल्कातच मोठी रक्कम जाते. अशात एक देशी विक्रेता भेटला. ‘संवर्धनासाठीच बनवतो, आमचा माल बाहेर जातो’ असं सांगून त्यानं तळहाताएवढा नमुना पाठवला. नमुना शेळीच्या कातड्याचा आणि अस्सल होता. उजेडात धरला की शिरा दिसत, घडी घातली तर चरा पडत नव्हता. निम्मे पैसे आगाऊ दिले, उरलेले माल निघण्याआधी त्यानं मागून घेतले.

आले ते सारख्या मापाचे, काटकोनात कापलेले, दोन्ही बाजूंनी पांढरेशुभ्र तुकडे. ओला कापूस फिरवल्याबरोबर पांढरा रंग कापसावर आला. खाली पिवळट, शिंगासारखं कडक कातडं आणि त्यावर चरबीचे डाग. ढोलाच्या पानाला वापरतात तसलं. ढोलाला ते योग्यच आहे, पुस्तकाला नाही. चर्मपत्र करताना कातडं चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढतात, चौकटीवर ताणतात, अर्धचंद्राकार पात्यानं खरवडून पातळ करतात आणि ताणलेलं असतानाच वाळवतात. त्या ताणानं आतले तंतू पृष्ठभागाला समांतर बसतात. हे कष्ट वाचवून वर रंग फासला की दिसायला व्हेलम तयार. असं वेष्टन मूळ पुस्तकावर चढलं असतं तर गोव्याच्या पावसाळ्यात फुगून आणि नंतर वाळताना आखडून त्यानं पानांची शिलाई ओढली असती. मी कोणताही नवा माल आधी कोऱ्या पानांच्या नमुना-पुस्तकावर लावतो, म्हणून मूळ पुस्तक वाचलं. नमुन्यावर चरबीच्या जागी गव्हाच्या स्टार्चची खळ धरलीच नाही आणि कण्याजवळच्या घडीला कातडं तडकलं.

विक्रेत्याचं उत्तर: ‘नैसर्गिक वस्तू आहे, फरक पडणारच. कापलेला माल परत घेत नाही.’ कापला त्यानंच होता! नंतर फोन उचलणं बंद.

तुम्ही घेणार असाल तर कापलेले तुकडे घेऊ नका, अख्खं कातडं मागा. त्यात पाठकणा, मान, पोट ओळखू येतं आणि जाडी जागोजागी थोडी बदलते. एकसारखी जाडी दिसली तर शंका घ्या. केसांकडची बाजू सहसा पिवळसर, बारीक छिद्रांची, तर मांसाकडची जास्त पांढरी असते. जे कातडं तुम्हाला मिळणार त्याचाच उजेडासमोर धरलेला फोटो मागा. कडेचा धागाभर तुकडा जाळून बघा: कातडं आक्रसतं आणि केस जळाल्याचा वास येतो, कागद सरळ पेटतो. ही परीक्षा लागते, कारण गंधकाम्लाची प्रक्रिया केलेला कागदही चर्मपत्राच्या नावानं विकतात. मेंढीचं कातडं असेल तर अधिक सावध राहा. त्यात चरबी जास्त आणि थर सुटतात. प्राणी कोणता, पृष्ठभागावर लेप आहे की नाही, हे बिलावर लिहून घ्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही’ असं विक्रेत्यानं आधीच ऐकवलं होतं. त्याला घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात संरक्षण आहे, आणि ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.

अस्सल नमुना आणि रंग निघालेला तुकडा दोन्ही मी जपून ठेवलेत. पुण्यात कुणाला हातात घेऊन फरक बघायचा असेल तर जरूर कळवा, दाखवतो.