अजिंठा सोमवारी बंद असतं: सहलीच्या नावाखाली गेलेले १,१२,५०० रुपये

सातारा-कोरेगाव भागातल्या आम्हा १८ जणांचे मिळून १,१२,५०० रुपये एका सहलवाल्याने नेले. नंतर खिशातून घालावे लागले ते ३९,६०० वेगळे. छत्रपती संभाजीनगरची चार दिवसांची सहल होती. अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, खुलताबादचे दर्गे, दौलताबाद. माणशी ६,८५० रुपये, त्यात गाडी, राहणं, जेवण, गाईड आणि सगळी तिकिटं.

ज्याला सांगावं तो पहिलं हेच म्हणतो, 'स्वस्तात मिळतंय म्हणून गेलात.' नाही गेलो. हिशेब करूनच गेलो होतो. सातारा-पुणे-संभाजीनगर जाऊन-येऊन सातशेच्या आत, अजिंठ्याचे दोनशे, वेरूळ-खुलताबादचे सत्तर, म्हणजे धरून चाला १,००० किलोमीटर. वीस सीटर गाडी २८ रुपये किलोमीटरने २८,००० होते, माणशी साधारण १,५५५. सात खोल्या, १,४०० रुपये दराने तीन रात्री, २९,४००, माणशी १,६३३. जेवण-नाश्ता चार दिवसांचा १,८०० आणि गाईड-तिकिटं ३००. बेरीज सव्वापाच हजारांच्या पुढे जाते. वरचा दीड हजार त्याचा नफा. भाव अगदी बरोबर होता. नवख्या चोराचा भाव पडेल असतो, सराईत चोराचा बाजारभावाला धरून असतो, हे आता कळलं.

पैसे असे गेले. बुकिंगला माणशी ३,०००, म्हणजे ५४,०००. पंधरा दिवसांनी माणशी २,५००, म्हणजे ४५,०००. उरलेले १,३५० परतल्यावर द्यायचे ठरले होते आणि याच अटीमुळे विश्वास बसला. पळून जाणारा माणूस शेवटचा हप्ता परतल्यावर कशाला ठेवेल, असं सगळ्यांनाच वाटलं. त्याने तो ठेवला, कारण तो त्याला घ्यायचाच नव्हता.

आता ती वेळ, जी आठवली की अजून झोप लागत नाही.

निघायच्या आठ दिवस आधी कार्यक्रमाचा कागद आला. रविवारी पहाटे पोवई नाक्यावरून निघणं, संध्याकाळी मकबरा. सोमवारी अजिंठा. मंगळवारी वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद. बुधवारी परत. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. वर्षानुवर्षांचा नियम आहे, त्या भागातल्या शाळकरी पोराला माहीत असतो. त्याने नेमका उलटा क्रम लावला होता. दोन दिवसांची अदलाबदल केली असती तर सहल बिनघोर झाली असती. संभाजीनगरच्या सहली काढणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. ती झाली, याचा अर्थ तो कधी तिथे माणसं घेऊन गेलाच नव्हता आणि नेणारही नव्हता.

आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही! गटातल्या एका काकांनी त्याच दिवशी विचारलं, 'सोमवारी अजिंठा बंद असतं ना?' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'गटासाठी पुरातत्त्वची विशेष परवानगी काढतो काका, माणशी ४५० पडतील. गर्दी नसते, निवांत बघता येतं.' सोबत सिंहमुद्रेचं पत्र. तेव्हाच थांबायला हवं होतं. जी शंका आम्हाला वाचवणार होती तिचेच त्याने ८,१०० रुपये घेतले. त्या पत्रावर जावक क्रमांकाची जागा कोरी होती आणि सहीखाली पदनाम नव्हतं. सरकारी पत्र म्हटलं की आधी या दोन जागा बघा. सहलीच्या गटासाठी बंद दिवशी लेणी उघडून देण्याचं असलं काही शुल्क नसतं.

त्या कागदावर आणखी दोन खुणा होत्या. 'गाडी थेट लेण्यांच्या दारापर्यंत' असं लिहिलं होतं. अजिंठ्याला खाजगी गाडी फर्दापूरजवळच्या तिठ्यावरच थांबते, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं. दुसरी खूण, 'खुलताबादला पवित्र पैरहनचं दर्शन'. तो पैरहन, म्हणजे पैगंबरांचा मानला जाणारा अंगरखा, वर्षातून एकदा, ईद-ए-मिलादच्या वेळीच दर्शनाला काढतात. आमची सहल त्या दिवसांत नव्हतीच. ज्याच्या कागदात श्रद्धेच्या जागांबद्दल असलं काहीबाही लिहिलेलं असेल, त्याला एकच प्रश्न विचारा: घृष्णेश्वरला गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी काय करायचं? सदरा काढावा लागतो. माणसं नेणारा हे झोपेतही सांगेल.

गुरुवारी, म्हणजे निघायच्या तीन दिवस आधी, 'सगळ्या ठिकाणांचा एकत्र पास' म्हणून माणशी ३०० मागितले. ५,४०० गेले. बदल्यात १८ पास आले, प्रत्येकावर चौकोनी कोड. नंतर पाहिलं तर अठराही पासांवर एकच कोड होता. आता खरा दर लिहून ठेवा. अजिंठा ४०, वेरूळ ४०, मकबरा २५, दौलताबाद २५. एकूण १३०. रोख न देता ऑनलाइन भरले तर प्रत्येक ठिकाणी ५ रुपये कमी, म्हणजे ११०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही आणि आमच्यात तशी तीन मुलं होती. पंधरा मोठ्या माणसांचे १,९५० झाले असते, ऑनलाइन १,६५०. खुलताबादच्या दर्ग्यांत आणि घृष्णेश्वरला तर तिकीट नाहीच. दर्ग्यात, मशिदीत किंवा देवळात 'प्रवेश शुल्क' म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर तिथेच व्यवहार मोडा. ज्यांच्या जिल्ह्यात आगाशिवची लेणी आहेत, त्यांना लेण्यांचे पास माणशी ३०० ला विकून गेला तो.

गाडी मात्र आली. म्हणून तर रविवारी कुणाला शंका आली नाही. मकबऱ्यावर तिकिटं खिडकीवर काढावी लागली, कारण पास चालला नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, 'सिस्टीम बंद असेल, पावत्या ठेवा, परत देतो.' त्यानंतर फोन बंद. रात्री लॉजवाला म्हणाला, खोल्या फोनवर सांगून ठेवल्या आहेत, पैसा एकही आलेला नाही. दोन रात्रींचे १९,६०० आम्ही भरले. तरी सोमवारी सकाळी शंभर किलोमीटर जाऊन फर्दापूरला उभे राहिलो, त्या परवानगीच्या पत्राच्या भरवशावर. तिथे बसही नव्हती आणि दारही बंद होतं. पहाऱ्यावरच्या माणसाने पत्र वाचलं आणि शांतपणे परत दिलं. संध्याकाळी ड्रायव्हरने सांगितलं, मालकाला २८,००० पैकी ८,०००च मिळालेत, उरलेले २०,००० दिल्याशिवाय गाडी हलणार नाही. तेही दिले. त्याच्यावर राग नाही, त्याचा मालकही फसलाच. मंगळवारी वेरूळ बंद. घृष्णेश्वर, खुलताबाद, दौलताबाद करून त्याच दिवशी परत फिरलो. ज्यासाठी वयस्कर माणसं निघाली होती ते अजिंठाही राहिलं आणि वेरूळही.

गाडी ठरवणाऱ्याकडून गाडीमालकाचा नंबर आधीच मागून घ्या आणि किती पैसे पोचले ते स्वतः विचारा. लॉजलाही तसंच. दोन फोन केले असते तरी आमचे लाखभर वाचले असते.

आता दाद मागण्याचं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, 'ही दिवाणी बाब आहे, ठरलेली सेवा मिळाली नाही म्हणजे गुन्हा होत नाही.' बनावट सरकारी पत्र दाखवलं, तर म्हणाले प्रकार संभाजीनगरला घडलाय, तिकडे जा. तिकडे फोन केला, तर पैसे साताऱ्यातून गेलेत, तिकडेच द्या. तिसऱ्या दिवशी सांगितलं, ऑनलाइन पैसे गेलेत तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः पाठवलेत, खातं कुणी हॅक केलेलं नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे, पैसे गोळा करून एकाच्याच खात्यातून पाठवले होते, तर त्यालाच विचारलं, 'मग फसवणूक तुमच्या एकट्याची झाली, बाकीच्या सतरा जणांनी तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायची का?' साठी ओलांडलेल्या माणसाला, चारचौघांत! चार दिवस खेटे घातले आणि हातात काय, तर एक साधा अर्ज आणि त्यावर शिक्का. बँकेत तर दोन मिनिटांत बोळवण केली, 'पिन तुम्हीच टाकलात.' रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमातलं संरक्षण तुमच्या संमतीशिवाय गेलेल्या पैशाला होतं, पिन टाकून पाठवलेल्याला नव्हतं, एवढं मात्र त्यांना तोंडपाठ होतं. पैसे ज्या खात्यात गेले त्याबद्दल लेखी विचारलं, त्याचं उत्तर अजून नाही.

हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (पोलिसांनी थेट नोंदवायच्या) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठे घडला हे न बघता. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पोटकलम ४, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्याने नोंद नाकारली तर त्याच कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवता येतो. हे आम्ही घरी वाचून काढलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, ज्यांचं ते काम आहे त्यांनीही नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करायचा असेल तर तासाभरात करा. पैसे कुठल्यातरी खात्यात पडून असतील तरच गोठवता येतात. आम्ही बुधवारी केला, शेवटचा हप्ता सहा दिवसांपूर्वीचा. खातं तोवर रिकामं.

ज्या नावाने पैसे जातात ते नाव पिन टाकण्याआधी पडद्यावर दिसतं. आमच्या चारही व्यवहारांना कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. पावतीवर जीएसटी क्रमांक होता म्हणून तिकडे डोळेझाक केली. तो क्रमांक परतल्यावर मोजला तर १४ अक्षरांचा निघाला. खरा १५ चा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचं नाव दिसतं. पैसे द्यायच्या आधी मोजा.

ग्राहक आयोगात आता अर्ज करतोय. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, म्हणजे साताऱ्यातच. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. गप्पांचे स्क्रीनशॉट, कार्यक्रमाचा कागद, बनावट पत्र, पास, लॉजची आणि गाडीची पावती, बँकेचा उतारा, सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढल्या आहेत. अठराही जणांच्या सह्या झाल्या. अधीक्षकांना लिहिलेला अर्ज सोमवारी स्पीड पोस्टाने जाईल.