करंगळी बधिर पडते, मग हँडल कुठलं: फ्लॅट की ड्रॉप?

नेमाने सायकल मारणाऱ्यांच्या दुखण्यांत गुडघ्याचा मान पहिला, आणि त्यावर बोलणारेही भरपूर. हाताला येणाऱ्या मुंग्या मात्र "झाडला की जातात" म्हणून सोडून दिल्या जातात. मी दोन वर्षं तेच केलं. तेव्हा फ्लॅट बारची, म्हणजे सरळ दांडीच्या हँडलची हायब्रिड सायकल होती, आता ड्रॉप बारची, म्हणजे टोकं खाली वळलेल्या हँडलची आहे. दोन्हींवर भरपूर किलोमीटर झालेत, म्हणून लिहितोय. सायकल बदलायच्या विचारात असाल आणि हात त्रास देत असतील, तर उपयोग व्हावा.

मी बेळगावात, उद्यमबागेत लेथवर काम करतो. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) एका हातात धरायचा म्हणजे त्याची फ्रेम करंगळी-अनामिकेत अडकवायची आणि अंगठा-तर्जनीने थिंबल, म्हणजे त्याची फिरती मूठ, फिरवायची. रविवारी लांबची राइड झाली की सोमवारी करंगळीला त्या फ्रेमचा गारवाच कळायचा नाही. एका सोमवारी मायक्रोमीटर निसटून लेथच्या ट्रेमध्ये पडला. गुडघा दुखला तर लंगडत का होईना कामावर जाता येतं. बोटांना माप कळेना झालं तर माझं कामच थांबतं. माझा निर्णय खरं तर त्या दिवशीच झाला.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू अल्नर नसेवर (मज्जातंतूवर) चालते. ही नस मनगटाशी करंगळीच्या बाजूने, कातडीच्या अगदी जवळून जाते. फ्लॅट बारवर तळहात जमिनीकडे, मनगट मागे मोडलेलं आणि अंगाचा भार बरोबर तळहाताच्या त्याच बाजूच्या गादीवर. वर खराब रस्त्याचे हादरे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती दुसरी नस, मीडियन. म्हणून आधी कुठली बोटं ते नीट बघा.

फ्लॅट बारला मी नावं ठेवणार नाही. खडेबाजारातल्या गर्दीत ब्रेक कायम बोटांखाली असतात, नजर समोर राहते, मानेला ताण कमी. पावसाळ्यानंतर जांबोटी ते कणकुंबी खड्डे चुकवत जायचं तर रुंद हँडलासारखा आधार नाही. अडचण एकच, पण माझ्यासाठी तीच मोठी ठरली: हात ठेवायला जागा एकच.

हात किती टिकतो याचं माझं माप बेळगावहून निघणाऱ्या वेंगुर्ला रोडवर, एकामागून एक लागणाऱ्या गावांचं. साध्या रबरी ग्रिपवर उचगाव फाट्याला मुंग्या सुरू. तळहाताला आधार देणाऱ्या पसरट ग्रिप बसवल्या, तर बाची ओलांडून शिनोळीपर्यंत, म्हणजे महाराष्ट्र लागेपर्यंत हात बरा. मग दोन टोकांना बार-एंड (पुढे निघणारे आखूड दांडे) लावले, अधूनमधून पकड बदलता आली, आणि हात पाटणे फाट्यापर्यंत टिकला. जेलच्या हातमोज्यांनी फारसा फरक पडला नाही, उलट जाड पॅडमुळे मी हँडल जास्त आवळायला लागलो असं वाटतं. पाटणे फाट्याच्या पुढे मात्र हात टिकेना. सोबतचा मित्र दर चढाला विचारायचा, "परत हात झाडायलास? थांबूया काय?"

ड्रॉप बारवर पकडीच्या तीन जागा मिळतात: वरची आडवी दांडी, ब्रेकचे हूड (ब्रेक लिव्हरचा रबराने मढवलेला वरचा भाग) आणि खालचं वळण. हूडवर हात धरला की तळवे एकमेकांसमोर येतात, नमस्काराआधी येतात तसे, आणि मनगट सरळ राहतं. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची सवय लावली. त्याच रस्त्याने आणखी पुढे, आंबोलीपर्यंत जाऊन चहाचा ग्लास हातात घेतला तेव्हा करंगळीला चटका बसला. कितीतरी दिवसांनी.

पण फुकट काहीच मिळालं नाही. पहिले दीड महिना मान आणि खांद्यांच्या मधला भाग असा धरायचा की रात्री कूस बदलताना जाग यायची. सायकलीबरोबर आलेला 110 मिमीचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा पुढचा तुकडा) काढून 80 चा घातला, तेव्हा आराम पडला. 25 मिमी रुंदीचे टायर काढून फ्रेममध्ये मावतील ते 28 चे घातले, हवाही थोडी कमी ठेवली. चोर्ला घाटाच्या उतारावर हूडवरून ब्रेक धरून ठेवले की अंगठ्याच्या बेचक्यात दुखतं. तिथे खालच्या वळणात हात नेऊनच उतरावं लागतं, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. मानेचं जुनं दुखणं, स्पॉन्डिलोसिस वगैरे असेल, तर मी फ्लॅट बार आणि बार-एंडच सुचवेन.

दोन गोष्टी पैसे घालण्याआधी. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. माझी सीट तशीच होती, आणि ती सपाट करायला एक ॲलन की आणि पाच मिनिटं लागली. दुसरं, आहे त्याच हायब्रिडला ड्रॉप बार बसवायचा बेत करू नका. त्या फ्रेम मुळातच लांब असतात, हूड आणखी पुढे जातात, शिवाय ब्रेक आणि गिअरचे लिव्हर जुळवताना खर्च वाढत जातो.

ड्रॉप बारवाल्यांनाही मुंग्या येतात, हे मान्य. हूडवर मनगट मोडून तासभर तसंच बसलं तर नस तिथेही दबते. माझा अनुभव एका माणसाच्या दोन हातांचा आहे. तरी रोजची फेरी तासाभराची, हिंडलगा नाहीतर पिरनवाडीपर्यंतची असेल तर फ्लॅट बार, पसरट ग्रिप आणि सपाट सीट एवढ्यावर भागेल. शिनोळीच्या पुढे नेमाने जाणार असाल तर मी ड्रॉपकडे झुकेन, स्टेम मात्र आखूड. आधी मित्राची मागून घ्या आणि एक पूर्ण रविवार चालवा. दुकानासमोरच्या फेरीत हात काहीच सांगत नाही.

राइड संपून दिवस उलटला तरी बधिरपणा जात नसेल, बोटं फाकवताना जोर लागत नसेल, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल, तर हँडलाचा विचार बाजूला ठेवा, सायकल थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा. माझी गोष्ट तिथवर गेली नव्हती.