बॅरियर मायनर की बॅरियर ट्रुथ? एकाच गावातले दोन पेपर

ऑस्ट्रेलियातलं ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिमेला, चांदी-शिसं-जस्ताच्या खाणींचं गाव. बीएचपी (ब्रोकन हिल प्रोप्रायटरी) ही बलाढ्य खाण कंपनी इथलीच, नावातच 'ब्रोकन हिल' आहे. एवढ्याशा गावात दोन पेपर होते!

बॅरियर मायनर १८८८ चा, म्हणजे सीनियर. नेहमीचा व्यावसायिक पेपर, १९२० च्या दशकात तो न्यूज लिमिटेडकडे गेला, तीच कंपनी जी पुढे माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोकच्या हातात आली. १९७४ ला बंद.

बॅरियर ट्रुथचं प्रकरण मात्र भारी आहे. १८९८ ला साप्ताहिक म्हणून सुरू झाला, १९०८ ला दैनिक झाला आणि मालक कोण तर कामगार युनियन! १९०९ ला बीएचपीने टाळेबंदी केली, पुढे १९१९-२० चा मोठा संप जवळपास दीड वर्ष चालला, तेव्हा खाणकामगारांची बाजू मांडायला त्यांच्याकडे स्वतःचा पेपर होता, दुसऱ्या कुणाच्या संपादकाला गळ घालायची गरजच नव्हती. आता युनियनचाच पेपर म्हटल्यावर युनियनवर टीका कितपत छापणार, हा प्रश्न आहेच. निःपक्ष वगैरे म्हणायचं काही कारण नाही.

इतिहास म्हणून वाचायचं असेल तर मायनरपासून सुरुवात करा, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह साइटवर जुने अंक फुकट आहेत, गावातलं रोजचं जगणं त्यात सापडतं. पण गावाला आपला वाटणारा पेपर कोणता असं विचाराल तर माझं मत ट्रुथलाच, कारण संपाच्या काळात एकच बाजू ऐकू येणं परवडत नाही.